एक भिकाजी

टप डोक्यावरून उतरवून पद्मावतीने तो सुदेशच्या टपरीपुढच्या कट्ट्यावर टेकवला. बांगडे संपले होते, तळाशी वितळलेल्या बर्फाचं पाणी तेवढं उरलं होतं. ते ओतून टाकायला ती वाकली, तोच पाठीमागून कोणीतरी म्हणालं,

“एक भिकाजी दी रे.”

पाणी ओतायचं राहिलं. ती वळली. हौसाबाईचा अनिश स्कूटर चालूच ठेवून, एक पाय जमिनीला लावून बसला होता. सुदेशचा हात सवयीने मागच्या फळीकडे गेला आणि वाटेतच थांबला, कारण त्याला पद्मावती दिसली होती.

“कोणाक मागलंस?” तिने अनिशला विचारलं.

“कोणाक नाय गो काकी. सिगरेट.”

“नाव कोणाचा घेतलंस, ता इचारतंय.”

अनिशने स्कूटर वळवली आणि सिगरेट न घेताच बंदराच्या दिशेने पोबारा केला. मग पद्मावतीने मोर्चा टपरीकडे वळवला. सुदेश आणि तिचा नवरा उभं आयुष्य एकाच रापणीला होते. किनाऱ्यावरून ओढायच्या त्या एकाच जाळ्याच्या दोराला दोघांनी हात लावला, मिळालेल्या मासळीचे वाटे एकाच वाळूत बसून केले. तो तिला वहिनी म्हणायचा, आणि नुसता म्हणायचा नाही, मानायचाही.

“वयनी, थंड सोडा देव?” सुदेश म्हणाला.

“माझ्या नितेशचो बापूस जावन दोन वर्सा झाली. तेका हंय कोण मागता?”

सुदेशने बरणीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. शेवटी त्याने फळीवरून सिगरेटचं एक पाकीट काढलं आणि चित्राची बाजू वर करून तिच्यापुढे ठेवलं.

“ह्या नवीन इला. सरकार मधी मधी फोटू बदलता. पोरा म्हणतत, तेंच्यासारखो दिसता. आता पोरांच्या तोंडाक कोण लागतलो?”

पाकिटाच्या बहुतेक सगळ्या अंगावर एका माणसाचा चेहरा होता. कपाळ मोठं, मिशी दाट, भुवया मध्ये जुळलेल्या. इथपर्यंत तो कोणीही असू शकला असता. पण मिशीच्या डाव्या टोकाखाली गाल नव्हता. गालाच्या जागी जे होतं ते बघायची सवय पद्मावतीला होती, म्हणून तिने नजर वळवली नाही. खाली ठळक अक्षरांत तंबाखूने काय होतं ते लिहिलेलं होतं.

तिने पाकीट उजेडात धरलं. कान पाहिला. ह्या माणसाचा कान टोचलेला नव्हता.

“हे ते न्हय,” ती म्हणाली.

“माका म्हायत आसा, वयनी.”

“तुका म्हायत आसा. मगे अनिश मागता तेव्हा तू देतंस कसो? ‘भिकाजी’ म्हटल्यार तुझो हात खंय जाता, ता मिया आताच बगलंय.”

  सगळ्या वाडीला ठाऊक होतं. रापणीवरच्या माणसांना, होडीवाल्यांना, रिक्षावाल्यांना, रस्ता ओलांडून चहाला येणाऱ्या सगळ्यांना. एक भिकाजी, दोन भिकाजी, एखादीच सुटी सिगरेट मागताना अर्धवट हसून ‘भिकाजीचो एक दात दी’ असंही. फक्त भिकाजीच्या बायकोला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

“नाव ठेवल्यान कोणी?”

“कोण जाणा, वयनी. बोलता बोलता पडला.”

“नाव आपसूक पडाक ता काय पिकलेला फळ आसा? कोणीतरी ठेवल्याशिवाय पडणा नाय.”

ती टप उचलून चालू लागली. पाणी तसंच आत डुचमळत होतं, खांद्यावर सांडत होतं.

संताप कशाचा यावा, ह्याचीसुद्धा माणसाला निवड करता येत नाही. नवरा गेला ह्याचा संताप तिने कधीच गिळून टाकला होता. तो रापणीवर, होडीवर, जेवल्यावर, झोपताना सिगरेट ओढायचा. ती बोलायची, तो हसायचा, आणि पुढे जे व्हायचं ते झालं. पण शेवटच्या दिवसांत त्या माणसाने एकच गोष्ट जीव तोडून जपली होती. आपलं तोंड कोणाला दिसू द्यायचं नाही. नाकाखालून पंचा बांधायचा तो बांधलेलाच. कोणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून पडायचा. गोव्याच्या डॉक्टरसमोर पंचा सोडतानाही आधी दाराकडे बघायचा. पद्मावती त्याला चमच्याने पेज भरवायची आणि ती पेज गालातून पंच्यात उतरायची. तेव्हा तिलासुद्धा तो हाताने खूण करायचा, बघू नको. ज्याने बायकोलाही बघू नको म्हणून खुणावलं, त्याचं तोंड आता टपरीवर फळीला मांडलंय, आणि येणारा जाणारा त्याला नावाने मागतोय.

बंदरावरून वाडीच्या वाटेला लागताना तिच्या डोक्यात एक गोष्ट लखकन उजेडात आली. ते तोंड गावाने बघितलंच नव्हतं. तिच्याशिवाय बघितलं होतं फक्त तिघांनी. मयताला अंघोळ घालताना पंचा काढला, तेव्हा तिथे वाडीतले म्हातारे आबा होते, सुदेश होता आणि तिचा मुलगा नितेश होता. चौथ्याला ते कसं दिसत होतं हे कळायला मार्गच नाही. म्हणजे पाकिटावरचं ते चित्र बघून ‘हा भिकाजी’ असं ज्याला सुचलं, तो ह्या तिघांतला. त्यांतला एक पोटचा. उरले दोघे.

नितेश जेवायला घरी आला होता. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होडीवर तो काम करायचा, आणि सकाळची फेरी झाली की दुपारी तासभर मोकळा असायचा. तिने त्याच्या ताटात भात वाढला, बांगड्याचं तिकलं वाढलं, आणि वाढता वाढताच सगळं सांगितलं. नितेशने मान वर केली नाही.

“सोड ना गो आये,” तो म्हणाला.

“काय सोडू?”

“पोरा चिडवतत. आज हो, उद्या दुसरो. फोटू बदाललो काय इसारतले.”

“फोटू बदालतलो. बापूस बदालतलो?”

तो उठला. अर्धं ताट तसंच होतं. हात धुवायला तो मागच्या दारी गेला आणि बराच वेळ पाणी वाहत राहिलं. बापाच्या नावाने त्याच्या घशाखाली घास उतरला नाही, असं पद्मावतीने मनाशी धरलं, आणि तिला बरं वाटलं. निदान घरात तरी कोणीतरी आपल्याइतकंच पेटलेलं आहे.

संध्याकाळी ती आबांच्या घरापुढच्या खळ्यात गेली. आबा म्हणजे वाडीतले सगळ्यांत म्हातारे मानकरी. रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे. लग्न ठरलं, होडी पाण्यात सोडायची, पोर आजारी पडलं, म्हैस हरवली, तर आबा देवापुढे उभे राहून देवाला मोठ्याने सगळं सांगायचे, आणि मागे उभी असलेली माणसं प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची. साथ मिळाली की ते वाक्य गावाचं झालं, आबांचं एकट्याचं राहिलं नाही. अशी रीत होती आणि आहे.

आबा बिडी ओढत बसले होते. तिला बघून त्यांनी ती पायरीवर विझवली.

“आबानु, माका गाऱ्हाणा घालूचा आसा.”

तिने काय झालं ते सांगितलं. आबा ऐकत होते, पण ज्या गोष्टीचा धक्का बसायला हवा तिचा त्यांना बसला नाही. म्हणजे ह्यांनाही ठाऊक होतं. तिचा आवाज चढला.

“नाव ठेवणारो तिघांतलोच. तुमीच ठेवलात?”

“पद्मा,” आबा म्हणाले, “मिया ह्या हातांनी तेका न्हाणलंय गो.”

त्यांच्या आवाजात असं काही होतं की तिने त्यांच्यावरचा संशय तिथेच सोडला.

“मगे सुदेशान.”

आबांनी विझलेली बिडी उचलली, खिशात ठेवली, पुन्हा काढली.

“असा करूया. सिगरेट मागताना जे तेचा नाव घेतत, तेंच्यासाठी सांगतंय मिया देवाक. ‘तेंका बुद्धी दी.’ सगळे साथ देतले. नाव ठेवणाऱ्याचा राहूंदे.”

“बुद्धी त्या पाकिटावरच छापलेली आसा, आबानु. मोठ्या अक्षरान. वाचल्यान कोणी?”

आबांनी बिडी बोटांत फिरवली.

“नितेशच्या बापाशीच्या आधी तीन पोरा गेली तेंच्या आवशीची. चवथो हो. देवाकडे भीक मागून घेतलेलो म्हणान ता नाव, म्हणान कान टोचल्यानी. तुमच्याच बापाशीन गाऱ्हाणा घातल्यान ना तेव्हा? देवाकडे मागलेला नाव आता टपरीवर मागतत.” तिला धाप लागली होती. “ज्येणा ठेवल्यान, तेका नितेशच्या बापाशीक झाला ताच होवंदे. ह्ये शब्द. दुसरे नको.”

“देवाक असा सांगूचा नसता गो.”

“कित्याक?”

“देवान ऐकल्यान तर?”

“ऐकाकच सांगतंय.”

 आबांचे ओठ हलले, जणू काही सांगणारच आहेत. मग त्यांनी नजर खाली वळवली.

“सोमवारी सकाळी ये. नारळ घेवन ये. इचार बदाललो तर आदी सांग.”

“बदालणा नाय.”

बातमी दुसऱ्या दिवशी भाजी आणायला गेलेल्या प्रत्येकीबरोबर घरोघरी पोचली. आणि मग जे झालं ते बघून हसावं की रडावं हे ज्याचं त्याने ठरवावं.

त्या पाकिटाला घाबरावं म्हणून कोणीतरी कुठेतरी किती डोकं चालवलं असेल. गाल झडलेला माणूस निवडला, तो पाकिटभर छापला, खाली इशारा लिहिला. वाडीने त्या माणसाचं बारसं केलं आणि त्याला बोटांत धरून काडी ओढली. पुण्याहून आलेला एक पर्यटक तर सुदेशला म्हणाला होता, “अहो, दुसरा फोटो असलेलं पाकीट नाही का? मासे खायचेत अजून.” सुदेशने त्याला जुन्या मालातलं एक शोधून दिलं आणि तो मासे खायला गेला. कोणी पाकीट उलटं खिशात ठेवायचं, कोणी सिगरेटी स्टीलच्या डबीत ओतून घ्यायचं, आणि बहुतेकजण एकेक सुटी सिगरेट घ्यायचे, त्यामुळे त्यांच्या वाट्याला चित्र यायचंच नाही, फक्त धूर यायचा. एवढा मोठा चेहरा छापून एका माणसाचाही हात थबकला नव्हता.

गाऱ्हाण्याची बातमी आली मात्र, आणि टपरीवर ‘भिकाजी’ म्हणायचं बंद झालं. लोक बोटाने दाखवायला लागले. कोणी बोट दाखवायलाही कचरायचे. नुसते येऊन उभे राहायचे आणि सुदेशने ओळखून घ्यायचं. रिक्षावाल्यांनी तर सिगरेटीसाठी दूरची टपरी धरली. जे चित्राला भ्यायले नाहीत ते अजून न घातलेल्या गाऱ्हाण्याला भ्यायले. हौसाबाई अनिशचा दंड धरून त्याला पद्मावतीच्या दारात घेऊन आली.

“पद्मा, माझ्या झिलान मागल्यान. नाव ठेवाक नाय. नीट इचार. आबाक काय ता नीट सांग.”

“सिगरेट सोडतलो मां?”

हौसाबाईने पोराकडे बघितलं. पोराने जमिनीकडे बघितलं.

“ता मगे बगूया,” हौसाबाई म्हणाली. “आदी ह्या मिटवया.”

पद्मावतीला हसू यायला हवं होतं, पण तिला चीड आली. म्हणजे चित्रातलं खरं होतं हे सगळ्यांना कळत होतं. भीती आत होतीच. फक्त पाकिटावरून आली तर ती कोणाला उद्देशून आहे हे कोणी मानायला तयार नव्हतं. पाकीट सगळ्यांना म्हणत होतं, म्हणून कोणालाच म्हणत नव्हतं. तिला तिचा नवरा आठवला. त्याच्या काळातही पाकिटावर चित्र होतं, वेगळं कोणाचं तरी. एकदा ते तिने त्याच्या नाकासमोर धरलं, तेव्हा तो म्हणाला होता, “हो कोण तो, माका म्हायत नाय.”

रविवारी रात्रीची भांडी घासून होईपर्यंत नितेश पडवीत बसून राहिला होता. ती हात पुसत आली तेव्हा तो म्हणाला,

“आये, उद्या सकाळी होडी आसा. माका येवक जमाचा नाय.”

“बापाशीच्या कामाक झील नाय?”

“तू इचार बदाललंस तर?”

“तू आबांचो शिकवलेलो दिसतंस.” ती आत वळली. “उद्या धुतलेलो शर्ट घाल.”

सोमवारी देवळात गर्दी झाली. एरवी गाऱ्हाण्याला चारपाच माणसं जमायची. आज रापणीची सगळी माणसं होती, होडीवाले होते, आणि जो आला नाही त्याचंच नाव पुढे येईल ह्या भयाने ज्यांचा काही संबंध नव्हता तेही होते. बायका एका बाजूला उभ्या होत्या. पद्मावती त्यांच्यात सगळ्यांच्या पुढे. सुदेशने टपरी बंद ठेवली होती. नितेश धुतलेला शर्ट घालून मागच्या खांबाशी उभा होता.

आबांनी हातात नारळ धरला, खाकरून घसा मोकळा केला आणि देवाकडे तोंड करून सुरुवात केली.

“बा देवा रवळनाथा, म्हाराजा, ही तुझी लेकरा आज तुझ्या पायाशी उबी हत, रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” देऊळ भरून आवाज आला.

“दर्यावर जातत, जाळा ओढतत, तेंका सांभाळून परत घराक हाडणारो तू आसस, रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“तुझ्याकडे मागून घेतलेलो भिकाजी तू परत नेलंस. तेची तक्रार नाय, म्हाराजा. पण तेच्या नावाची गावात चेष्टा झाली. नाव घेवन जे सिगरेट मागी होते, तेंका बुद्धी दी, आणि ह्या माऊलीचो जीव थंड कर, रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” ह्या वाक्याला जोर फारच होता. अनिशचा आवाज वर ऐकू आला. पद्मावतीने ओठ घट्ट मिटले. आबा इथेच थांबतात की काय, असं तिला वाटलं. आबांनी खांद्यावरून मागे वळून तिच्याकडे बघितलंही. तिने नजर काढली नाही.

आबा पुन्हा देवाकडे वळले. आवाज आता बारीक झाला होता.

“आणि ज्येणा कोणी भिकाजीचा नाव त्या पाकिटाक ठेवल्यान असात... तेका, म्हाराजा... जा भिकाजीक झाला, ताच होवंदे. रे म्हाराजा.”

कोणी साथ दिली नाही.

आत समई जळत होती. बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज पार वळणापर्यंत ऐकू आला. एवढी माणसं, आणि एकाच्याही तोंडातून ‘व्हय’ निघेना. टपरीवर ह्यांच्या जिभा कशा सैल सुटतात, पद्मावतीच्या मनात आलं, आणि इथे वाळल्या. तिचा पारा चढला. वळून सगळ्यांना चार शब्द सुनवावेत म्हणून तिने श्वास घेतला.

“व्हय म्हाराजा.”

एकच आवाज आला, मागच्या खांबाकडून. बंदरावर लिलावाच्या गोंगाटातही तिने तो ओळखला असता. तिची छाती भरून आली. सगळं गाव मुकं झालं, पण माझा पोर बापासाठी उभा राहिला. डोळे भरल्यामुळे तिला नीट दिसेना. पदराने पुसून ती त्याला बघायला वळली.

एकजणही नितेशकडे बघत नव्हता.

देवळात एकच माणूस बोलला होता आणि त्याच्याकडे एकाचीही मान वळली नव्हती. अनिश आढ्याकडे बघत होता. हौसाबाईने पदर तोंडात धरला होता. सुदेशने दोन्ही हातांनी चेहरा झाकला होता आणि त्याचे खांदे हलत होते. तिने आबांकडे बघितलं. आबांनी डोळे मिटले होते, नारळ अजून हातातच होता.

तिघांतला ज्याला तिने मोजलंच नव्हतं, तो हात जोडून तिच्याकडे बघत उभा होता.

बायकांमधून वाट काढत ती त्याच्यापर्यंत गेली. मध्ये आलेली माणसं आपणहून बाजूला झाली.

“कित्याक रे?”

“मुद्दाम नाय, आये,” नितेश म्हणाला. त्याचा आवाज साधा होता, घरात बोलतो तसा. “सुदेशकाकान नवीन पाकीट दिल्यान. उलटा करून बगलंय, आणि माका तेंचा तोंड दिसला. ‘हो आमचो भिकाजी’, असा भायर पडला तोंडातसून. पोरा हसली. मगे तेंणी तोच धरल्यानी.”

“मगे माका सांगूक नाय?”

“कसो सांगतलंय?”

“आणि आता ‘व्हय’ कित्याक म्हटलंस? कोण म्हणाक नाय. तू गप रवलो असतंस तर?”

“तू मागी होतंस,” तो म्हणाला. “बाकी कोण देय नाय होतो.”

तिला त्याला मारावंसं वाटलं. खरोखर हात उचलून, सगळ्यांसमोर. बापाला ज्याने स्वतःच्या हातांनी पुसलं आणि त्याच बापाची खूण पटवून जो पाकीट खिशात घालत राहिला, त्या पोराचा तिला संताप आला. हे सगळं जाणून तिला देवळापर्यंत येऊ देणाऱ्या आबांचा आला, भल्या मनाने गप्प बसणाऱ्या सुदेशचा आला. आणि स्वतःच्या तोंडाचा आला. इतरांचं तोंड सडावं म्हणून भांडून जे शब्द तिने आबांकडून वदवून घेतले होते, ते आता देवळात होते आणि ‘व्हय’ म्हणून पक्के झालेले होते.

“आबानु,” ती न वळताच म्हणाली, “ता मागे घेवा.”

“बोललेला मागे खंय येता गो,” आबा हलकेच म्हणाले. “म्हणान मिया तुका सांगी होतंय.”

नितेशने जोडलेले हात खाली घेतले. धुतलेल्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात चौकोनी काहीतरी होतं, आणि पातळ कापडातून त्यावरचा रंगही दिसत होता. इथे, आज, देवासमोर येतानासुद्धा. पद्मावतीची नजर तिथे खिळली. मागून कोणीतरी नारळ फोडून टाका, मिटवा, असं कुजबुजलं. तिने ऐकलं नाही. तिने हात पुढे केला, तळवा वर करून.

“दी.”

“काय?”

 मागे हौसाबाईने दचकून तिच्याकडे बघितलं, कारण पद्मावती काय म्हणणार हे तिला एक क्षण आधी कळलं.

“भिकाजी,” पद्मावती म्हणाली. “माझो भिकाजी माका दी.”

देवळात कोणी हललं नाही. नितेशचा हात खिशाकडे गेला, आणि तिने आपला हात तसाच पुढे धरून ठेवला.